मुंबईहून एका दिवसाची सहल



गावाकडचा माणूस मुंबईला येतो तो बहुधा कामासाठी येतो. कोणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कोणाला मोठ्या इस्पितळात दाखवायचे असते, कोणाच्या घरी लग्नकार्य असते. काम उरकले की एखादा दिवस हाताशी उरतो. मग घरची मंडळी पाहुण्याला राणीचा बाग, गेटवे, चौपाटी असे भराभर फिरवून आणतात, आणि पाहुणा रात्री पाय चेपीत म्हणतो, "मुंबई बघून झाली बुवा!" शाळांच्या सहलींची कथाही याहून निराळी नाही. रात्रभर गाडीचा प्रवास, सकाळी कुठेतरी आंघोळ, आणि मग दिवसात सात ठिकाणे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात पस्तीस वर्षे शिक्षक होतो. माझी पहिली मुंबईची सहल अशीच सात ठिकाणांची होती. परत आल्यावर मुलांना निबंध लिहायला सांगितला. बहुतेकांनी लिहिले ते असे: "आम्ही उतरलो, रांग केली, पाहिले आणि गाडीत बसलो." काय पाहिले ते कोणाला नीट सांगता येईना. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी गत झाली. दोष मुलांचा नव्हता, माझा होता. पण तो दोष किती महागात पडू शकतो हे मला पुढच्या सहलीत समजले. ती हकीकत मी शेवटी सांगणार आहे.

आधी साधा हिशेब करू या. सकाळी सहाला निघालो आणि रात्री आठला परतलो तर चौदा तास होतात. जाण्यायेण्यात पाच-सहा गेले, जेवणखाण, रांगा, तिकिटे यांत तीन गेले. हाती उरतात पाच तास. पाच तासांत एकच ठिकाण नीट पाहून होते. म्हणून माझे पहिले सांगणे हे की एक दिवस आणि एक ठिकाण. मुंबईच्या आसपासची अशी चार ठिकाणे आज सांगतो.

पहिले ठिकाण कान्हेरीची लेणी. पश्चिम रेल्वेच्या लोकलने बोरिवलीला उतरावे. पूर्वेला थोड्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा दरवाजा लागतो. हे अरण्य सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे, आणि एवढ्या मोठ्या शहराला खेटून असूनही त्यात बिबट्या राहतो. लेणी दरवाजापासून सुमारे सहा किलोमीटर आत डोंगरात आहेत. आत जाणाऱ्या गाडीची चौकशी दारातच करावी. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे मात्र विसरू नये.

इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी इथे राहायला सुरुवात केली आणि पुढे हजारभर वर्षे वस्ती राहिली. तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य सगळेच पाहतात. परंतु आपण शेतकरी माणसे. आपण तिथे मूर्तींच्या आधी पाणी पाहावे असे मला वाटते. बहुतेक प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात कोरलेले एक टाके आहे. जुन्या शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. वरच्या उघड्या कातळावर पावसाचे पाणी पडते, ते कोरलेल्या पन्हळीतून वाहत येते आणि टाक्यात उतरते. ना पंप, ना नळ. चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांची कोरड हे गणित आपल्याच गावासारखे. ते त्या लोकांनी छिन्नी-हातोड्याने सोडवले. कल्याणच्या एका सोनाराने अशी पोढी दान दिल्याचा लेख इथे आहे. कल्याण, सोपारा, चौल इथल्या माणसांची नावे या दगडांवर आहेत. ही त्या काळची व्यापाराची गावे. म्हणजे पाणी साठवण्यासाठी पैसा कोणी दिला, हेही दगडावर लिहून ठेवले आहे.

शिक्षकांना माझी सूचना अशी. मुलांचे चार गट करावे, आणि एकेका गटाने एकेका टाक्यात पाणी कुठल्या वाटेने येते ते शोधून कागदावर काढावे. पन्हळ सापडली की मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो माहिती सांगून येत नाही. टाक्यांच्या काठाशी मात्र एक मोठे माणूस उभे हवे. शेवाळ फार निसरडे असते. पावसाळ्यात इथले ओढे भरून वाहतात तेव्हा त्यांत पाय घालण्याचा मोह टाळावा.

दुसरे ठिकाण घारापुरी. गेटवे ऑफ इंडियापासून बोट मिळते आणि साधारण तासाभरात बेटावर पोचवते. इथेही सोमवारी लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी निघत नाहीत. धक्क्यापासून थोडे चालून पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. शिदोरी पिशवीच्या आत ठेवावी, कारण माकडे हातातला घास पळवतात.

लेणे साधारण सहाव्या शतकातले. आत गेल्यावर एकदम काही दिसत नाही. दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीतून तीन मुखांचा सदाशिव हळूहळू पुढे येतो. सुमारे वीस फूट उंचीची ही मूर्ती आहे. मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे सौम्य. मुलांना नावे सांगायची घाई करू नये. "कोणता चेहरा रागावलेला दिसतो? कशावरून?" एवढेच विचारावे.

पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटले ते इथल्या एका दगडी हत्तीवरून. हा हत्ती आज बेटावर नाही. १८६४ साली तो विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि फुटला. त्याचे तुकडे पुढे १९१४ साली जोडण्यात आले आणि आज तो भायखळ्याला राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मुंबईत दुसरा दिवस मिळाला तर त्याला भेटून यावे. अंगावरचे सांधे पाहावेत.

आणखी एक गोष्ट. या बेटावरून रात्री मुंबईचे लखलखणारे दिवे समोर दिसतात. पण बेटावरच्या गावांत समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली. ज्यांच्या वाडीवर वीज उशिरा पोचली त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगात हवे, आणि त्याचे बंद बांधलेले हवेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला भीषण अपघात झाला आणि अनेकांचे प्राण गेले. "उकडतंय हो," असे कोणी म्हटले तरी ऐकू नये.

तिसरे ठिकाण वसईचा किल्ला. पुन्हा पश्चिम रेल्वेच लागते, पण बोरिवलीच्याही पुढे, खाडी ओलांडून. स्थानकाचे नाव वसई रोड. तिथून पश्चिमेला बसने किंवा रिक्षाने किल्ल्यापर्यंत जाता येते. हा डोंगरी किल्ला नव्हे, सपाटीवर समुद्राकाठी आहे, त्यामुळे म्हातारी माणसेही सहज हिंडू शकतात. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि दोनशे वर्षे त्यांच्या ताब्यात राहिला. तटाच्या आत त्यांनी एक शहरच वसवले होते. आज त्याच्या उघड्या भिंती, छप्पर नसलेली उंच चर्चे आणि त्यांत वाढलेली झाडे उरली आहेत.

इतिहासाच्या शिक्षकाला इथे दोन तारखा पुरेशा आहेत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी मोठी प्राणहानी सोसून हा किल्ला जिंकला. इथल्या चर्चमधली एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगली गेली, ती आजही तिथे आहे. दुसरी तारीख ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी जो तह केला, त्याला वसईचाच तह म्हणतात. त्या तहाने पेशवाई इंग्रजी फौजेच्या आश्रयाला गेली. दोन्हींमध्ये अवघी ६३ वर्षे. मुलांना तटावर बसवून एवढेच विचारावे की एका आजोबाच्या आयुष्याएवढ्या काळात असे काय झाले? उत्तर लगेच मिळायला नको. प्रश्न घेऊन मुले घरी गेली तरी सहल वसूल झाली.

वेळ उरला तर परतीच्या वाटेवर नव्हे, उलट एक स्थानक पुढे नालासोपाऱ्याला जाता येते. हेच ते प्राचीन शूर्पारक बंदर. इथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना इथे मिळाला. पण वेळ उरला तरच. मी आधीच म्हटले आहे, एक दिवस आणि एक ठिकाण.

आता चौथे ठिकाण, अलिबाग. ते मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे आहे. गेटवेहून मांडव्याला बोटीने जावे, तिथून अलिबाग रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी मोठी बोट २०२० पासून सुरू झाली आहे. सगळाच प्रवास जमिनीवरून हवा असेल तर पनवेल-पेणवरून एस.टी. आहेच.

अलिबागला एक चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वी हाच एक मोठा लोहचुंबक आहे आणि त्याचे बळ दिवसागणिक थोडे बदलते. ते मोजण्याचे काम पूर्वी मुंबईत कुलाब्याला चालत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा विजेमुळे मोजणीत घोटाळा होईल हे ध्यानात आले, आणि १९०४ साली हे काम अलिबागला हलवले. मुंबईतली ट्राम १९६४ साली बंद झाली, वेधशाळा मात्र अलिबागलाच राहिली. विज्ञान शिकवणाऱ्यांनी आधी पत्र पाठवून परवानगी मागावी.

आणि अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे कुलाबा किल्ला. मुंबईतले कुलाबा वेगळे आणि हा किल्ला वेगळा. शिवाजी महाराजांनी १६८० साली याच्या बांधणीला हात घातला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. तटाचे अजस्र दगड चुना न भरता एकावर एक रचले आहेत, म्हणजे लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे, आणि भर समुद्रात असून गोड्या पाण्याचा साठाही आहे. ओहोटीला वाळू आणि खडक उघडे पडतात, माणूस चालत किल्ल्यात जातो. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते.

आता ती हकीकत. माझी दुसरी सहल होती. बरोबर बेचाळीस मुले. त्या दिवशी संकष्टी होती, म्हणून तिथी पक्की ध्यानात आहे. अकराच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोचलो. वाटेत घोट्याएवढे पाणी होते. देशावरची मुले, समुद्र पहिल्यांदाच पाहत होती. हरखून गेली. मी म्हटले, "चला रे, पटापट. अजून तीन ठिकाणं बघायचीत."

किल्ल्याच्या दाराशी सहावीतली एक मुलगी थबकली. मला म्हणाली, "गुरुजी, भिंतीला शिंपल्या चिकटल्यात बघा. माझ्या डोक्याच्याही वर. एवढं पाणी येतं का हो इथं?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "चल, पुढं चल. रांग मोडू नको."

दीड तासाने आम्ही बाहेर पडलो तेव्हा घोट्याएवढे पाणी माझ्या मांडीला लागत होते. पुढची लहान मुले कमरेपर्यंत भिजली होती आणि हसत होती, त्यांना ती गंमतच वाटली. एवढ्यात बाजूच्या होडीतून एक म्हातारे कोळीदादा जिवाच्या आकांताने ओरडले, "ओ मास्तर! पोरं फिरवा मागं! मागं फिरवा!" माझे हातपाय गार पडले. आम्ही मुलांना ओढीत पुन्हा दाराच्या पायऱ्यांवर आणले. मी मोजले तर एक्केचाळीस भरली. पुन्हा मोजले, तरी एक्केचाळीसच. श्रोते हो, ती दोन मिनिटे मी आजही विसरलेलो नाही. बेचाळिसावी ती मुलगीच होती. ती दाराच्या आत भिंतीपाशी उभी राहून, पाणी कुठपर्यंत चढले ते बोटाने मोजत होती.

कोळीदादांनी चार फेऱ्या करून आम्हांला होडीने किनाऱ्यावर आणले. भाडे रोख घेतले, आणि शहाणपण फुकट दिले. म्हणाले, "मास्तर, लगीन पंचांग बघून लावता ना? मग दर्यात उतरताना पंचांग का नाय बघत?" मी विचारले, पंचांगात भरती कुठे लिहिलेली असते? ते म्हणाले, "तिथीची पाऊणकी करा. झालं."

पाऊणकी! माझ्या लहानपणी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी छड्या मारून पाठ करून घेत. तिचा उपयोग काय हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि पुढे मीही कोणाला सांगितले नाही. तो उपयोग मला शाळेत न गेलेल्या माणसाकडून समजला. हिशेब असा. शुक्ल असो वा वद्य, तिथीला पाऊणने गुणावे, तेवढ्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे पूर्ण भरती. चार पाऊण तीन. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, नऊला, पूर्ण ओहोटी. आम्ही अकराला आत गेलो, म्हणजे समुद्र दोन तास आधीच माघारी फिरला होता! षष्ठीला सहा पाऊण साडेचार, ओहोटी साडेदहाच्या सुमारास. अष्टमीला आठ पाऊण सहा, ओहोटी बाराला. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही, त्यामुळे वाट उघडेलच असे नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी झपाट्याने चढते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि त्याच्यामागून भरतीही तेवढीच उशिरा येते, म्हणून हे गणित जुळते.

हा हिशेब ठोकळ आहे बरे का! त्याच्या भरवशावर एकट्याने पाण्यात उतरू नये. छापील वेळापत्रक पाहावे, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला "परत कधी फिरू?" असे विचारूनच पाऊल टाकावे. पूर्ण ओहोटीच्या आधी आत जावे आणि पाणी फिरताच बाहेर यावे.

त्यानंतर मी दरवर्षी सहल नेली, पण एका दिवसाला एकच ठिकाण ठेवले. वर्गात आठ दिवस आधी पंचांग उघडायचे आणि सहलीची तिथी मुलांनीच पाऊणकीने ठरवायची, असा आमचा पाठच झाला. दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस, चढता-उतरताना मोजदाद, आणि परतीच्या बोटीची किंवा गाडीची वेळ आधी विचारून घेणे हे तीन नियम आम्ही कधी मोडले नाहीत. लोकलने आणि एस.टी.ने गेल्यामुळे खर्च कमी झाला, आणि पैशापायी मागे राहणारी दोन-चार मुलेही बरोबर येऊ लागली.

आणखी एक नियम मी स्वतःपुरता केला. वाटेत एखादे मूल थबकले आणि "गुरुजी, हे असं का?" म्हणाले, की रांग थांबवायची. मग उशीर झाला तरी चालेल. भिंतीवरच्या शिंपल्यांनी त्या दिवशी सगळे सांगितले होते. एका मुलीने ते वाचलेही होते. वाचले नव्हते ते फक्त मास्तरांनी.

तेव्हा मंडळी, यंदा मुंबईला आलात तर एक दिवस काढा. एकच ठिकाण ठरवा, आणि जाताना भाकरी, पाण्याची बाटली आणि पंचांग बरोबर घ्या. नमस्कार.